लेन्स घ्या, पण दुकान मोजून घ्या

तालुक्याच्या कोणत्याही गावी जा, बाजारपेठेत आपल्या एखाद्या बांधवाचा फोटो स्टुडिओ दिसतोच. ओळखपत्राचे फोटो, शाळेचे फोटो, निकाह आणि वलीम्याची कामे यांवर ही कुटुंबे पोट भरतात. छायाचित्रणाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. त्या चर्चेची जागा हे पान नव्हे. ज्यांनी हा व्यवसाय पत्करला आहे, त्यांनी तो कर्जात न बुडता आणि सचोटीने कसा करावा, एवढाच आमच्या आजच्या लेखाचा हेतू आहे.

निमित्त घडले ते कोकणातील एका तरुणाचे. बाजारात दहा बाय बाराचा गाळा, हाती साधी क्रॉप बॉडीची डीएसएलआर आणि तिच्याबरोबर आलेली किट लेन्स, एवढ्या भांडवलावर त्याचे बरे चालले होते. कोणीतरी त्याला सांगितले की, "पोर्ट्रेट म्हणजे एटी-फाइव्ह! तिच्याशिवाय फोटोग्राफर कसला?" त्याने क्रेडिट कार्डावर अठरा हप्त्यांनी ८५ मिलिमीटरची, एफ १.४ ची भारी लेन्स घेतली. पहिल्याच दिवशी नवरा, बायको आणि लहान मूल असे गिऱ्हाईक आले. गाळ्याच्या भिंतीला पाठ टेकवली तरी तिघे चौकटीत मावेनात. शेवटी तो दुकानाबाहेर पायरीवर उभा राहून फोटो काढू लागला, तर मधून माणसे ये-जा करीत होती. आज ती लेन्स कपाटात आहे आणि हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर येतो आहे.

चूक लेन्सची नव्हती. लेन्स उत्तमच होती. पण त्या गाळ्याला आणि त्या कॅमेऱ्याला ती योग्य नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण खर्चाला लावतो. लेन्सच्या बाबतीत ती शब्दशः फुटपट्टीला लावावी लागते.

मोबाईल असताना स्टुडिओत का यावे?

प्राइम लेन्स म्हणजे जिची फोकल लेंग्थ एकच असते ती. तिला झूम नसते. चेहरा मोठा हवा तर आपण दोन पावले पुढे जायचे, लहान हवा तर मागे यायचे. झूम नसल्यामुळे तिची रचना सोपी असते, म्हणून थोड्या पैशात ती जास्त प्रकाश घेते आणि चित्रही स्वच्छ देते.

आज गिऱ्हाइकाच्या खिशात मोबाईल आहे. मग त्याने आपल्याकडे का यावे? याचे उत्तर प्रत्येक स्टुडिओवाल्याला देता आले पाहिजे. मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोलाचा, म्हणजे रुंद दृश्य घेणारा असतो. त्याने चेहरा भरून फोटो घ्यायचा तर अगदी हातभर अंतरावर जावे लागते. इतक्या जवळून नाक मोठे दिसते, कान मागे जातात आणि गोल चेहरा लांबट होतो. माणूस म्हणतो, "मी असा दिसत नाही." त्याचे म्हणणे खरे असते. पाच ते सात फुटांवरून घेतलेल्या फोटोत चेहरा जसा रोज समोरच्याला दिसतो तसा उतरतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण जुन्या धंदेवाल्यांचीही तिच्याबाबत गफलत होते. चेहऱ्याची ठेवण लेन्सच्या नंबराने बदलत नाही, अंतराने बदलते. लेन्सचा नंबर फक्त एवढेच ठरवतो की, त्या अंतरावरून चौकटीत किती भाग मावेल. म्हणून आधी अंतर ठरवावे, मग नंबर. आपले तरुण नेमके उलटे करतात. आधी नंबर विकत घेतात आणि मग अंतर शोधत रस्त्यावर येतात.

मोबाईलमधले "पोर्ट्रेट" पार्श्वभूमी धूसर करते, पण ते काम मुख्यतः हिशोबाने होते, भिंगाने नव्हे. त्यामुळे दुपट्ट्याची झालर, दाढीचे केस, जरीची किनार अशा ठिकाणी कडा कापल्यासारख्या दिसतात. खऱ्या लेन्समध्ये हा दोष येत नाही. स्टुडिओवाल्याची खरी मालमत्ता हीच आहे आणि तिच्यासाठी लाख रुपयांची गरज नाही.

टेप घेऊन गाळा मोजा

आपल्याकडील बहुतेक लहान स्टुडिओंत क्रॉप बॉडी असते. तिचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असल्याने प्रत्येक लेन्स अधिक लांबची भासते. निकॉन आणि सोनीच्या क्रॉप बॉडीवर नंबराला दीडने गुणावे, कॅननच्या बॉडीवर १.६ ने. म्हणजे ५० ची लेन्स तेथे ७५ किंवा ८० चे काम करते. जुन्या रोलच्या काळात ज्याला पोर्ट्रेट लेन्स म्हणत, ती जवळपास हीच. तेव्हा क्रॉप बॉडीवाल्याची "एटी-फाइव्ह" ही खरे तर साधी "फिफ्टी" आहे, हे पक्के समजावे.

आता बारा फुटी गाळ्याचा हिशोब करू. माणसाची सावली पडद्यावर पडू नये म्हणून त्याच्यामागे चार फूट सोडावे लागतात. फोटोग्राफरला उभे राहण्यास दोन फूट लागतात. हाती उरतात सहा फूट. या सहा फुटांत, क्रॉप बॉडी उभी धरली तर,

८५ च्या लेन्समध्ये उंचीचा पावणेदोन फूट भाग मावतो, म्हणजे चेहरा आणि खांदे.

५० च्या लेन्समध्ये सुमारे तीन फूट मावतात, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत.

३५ च्या लेन्समध्ये सुमारे चार फूट मावतात. कॅमेरा आडवा धरला तर आईवडील आणि मांडीवर मूल त्यात बसतात.

डोक्यापासून पायापर्यंत उभा माणूस घ्यायचा असेल, तर कॅमेरा आणि माणूस यांच्यात क्रॉप बॉडीवर ३५ ला दहा फूट, ५० ला चौदा फूट आणि ८५ ला तेवीस-चोवीस फूट हवेत. फुल फ्रेम असेल तर ५० ला नऊ फूट आणि ८५ ला साधारण साडेपंधरा फूट पुरतात. हे आकडे कागदावर उतरवून काउंटरला चिकटवावेत. कॅननच्या क्रॉप बॉडीवर यापेक्षा थोडे अधिक अंतर धरावे.

यावरून आमचे मत असे बनले आहे की, लहान गाळ्यात क्रॉप बॉडीवाल्याने पहिली प्राइम लेन्स ५० एफ १.८ घ्यावी. कुटुंबाचे फोटो जास्त येत असतील तर पाठोपाठ ३५ घ्यावी. ८५ चा विचार फुल फ्रेमवाल्याने किंवा ज्याला मोकळी जागा, बाग, मोठे सभागृह मिळते त्याने करावा. एकट्या चेहऱ्यासाठी ८५ फारच सुंदर लेन्स आहे, पण एकट्या चेहऱ्यावर लहान गावातले दुकान चालत नाही.

यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतः करून पाहावे. दृष्टी आणि प्रकाश यांवर 'किताब अल-मनाजिर' हा ग्रंथ लिहिणारे इब्न अल-हैसम इ. स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात जन्मले आणि १०४० च्या सुमारास काहिऱ्यात वारले. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास त्यांनी केला. कॅमेऱ्याच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपण त्यांच्या नावाचा अभिमान बाळगतो, पण त्यांची पद्धत उचलत नाही. ऐकीव गोष्ट प्रयोगाने तपासून घ्यावी, ही ती पद्धत होती. आपल्यापाशी १८-५५ ची किट लेन्स आहेच. तिची झूम रिंग ५० वर आणून चिकटपट्टी लावावी आणि एक पूर्ण दिवस त्याच नंबरावर काम करावे. दुसऱ्या दिवशी ३५ वर लावावी. आपल्या दुकानाला कोणती लेन्स लागते, हे दोन दिवसांत एक पैसा न खर्चता कळेल.

१.८ की १.२ ?

नंबर ठरला की दुसरा प्रश्न येतो तो छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त. येथेच मोठेपणाची हौस सर्वांत महाग पडते.

केवळ माणसांच्या चेहऱ्यासाठी गणित मांडून बनवलेले पहिले भिंग व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये सिद्ध केले. त्याचे छिद्र एफ ३.६ चे होते. त्या काळी गिऱ्हाइकाला मिनिटेच्या मिनिटे न हलता बसावे लागे. या भिंगाने तो वेळ एका मिनिटाच्या आत आणला आणि चेहऱ्याचा फोटो हा धंदा बनला. सांगायचे हे की, मोठे छिद्र आले ते प्रकाशासाठी. मागचे धूसर करणे हा त्याचा नंतरचा गुण आहे. आज आपण गुणाला मूळ मानू लागलो आहोत.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. किट लेन्स चेहऱ्याच्या नंबरावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची लेन्स तिच्या नऊ-दहा पट प्रकाश घेते. ट्यूबलाइटच्या उजेडात जेथे सेकंदाचा पंधरावा भाग लागून फोटो हलत होता, तेथे आता सव्वाशेवा भाग चालतो. एवढा फायदा साध्या फिफ्टीच्या किमतीत मिळतो. आता पुढची पायरी. एफ १.८ वरून एफ १.२ वर गेलात तर प्रकाश वाढतो तो फक्त सव्वादोन पट, आणि किंमत जाते लाखाच्या पलीकडे. पहिल्या पायरीवर थोड्या पैशात दहापट, दुसऱ्या पायरीवर लाखात सव्वादोन पट! किराणा दुकानदारानेही असा सौदा केला नसता.

वजनाचेही तसेच. कॅननच्या आरएफ माऊंटची ५० एफ १.८ फक्त १६० ग्रॅमची आहे, तर त्याच माऊंटची ५० एफ १.२ तब्बल ९५० ग्रॅमची. निकाहापासून विदाईपर्यंत सात-आठ तास कॅमेरा हातात धरणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवतो.

शिवाय छिद्र पूर्ण उघडले तर किती भाग स्पष्ट येतो? फुल फ्रेमवर ८५ ची लेन्स दोन मीटर अंतरावर धरली, तर एफ १.२ ला स्पष्टतेची खोली सुमारे चार सेंटिमीटर, एफ १.८ ला सहा सेंटिमीटर आणि एफ ४ ला तेरा सेंटिमीटर असते. चार सेंटिमीटरमध्ये पापणी स्पष्ट आणि कान धूसर अशी गत होते. नवरा पुढे आणि नवरी अर्धे पाऊल मागे असेल तर एकच जण स्पष्ट येतो. घरी गेल्यावर नवरीकडची माणसे विचारतात, "आमच्या मुलीचा चेहरा कुठे आहे?" म्हणून एफ १.८ ची लेन्स घेतली तरी एकट्याचा फोटो २ ते २.८ वर, जोडप्याचा ४ वर आणि कुटुंबाचा ५.६ ते ८ वर घ्यावा. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा.

स्वस्त लेन्सचे दोषही सांगितले पाहिजेत. पूर्ण उघड्या छिद्रावर पांढरी टोपी, पांढरा कुर्ता किंवा चमकती जर यांच्या कडेला जांभळट रेघ उमटते. छिद्र २.८ पर्यंत मिटवले की ती बरीच कमी होते. बांधणी प्लॅस्टिकची असते, पाऊस-धुळीपासून फारसे संरक्षण नसते. महाग लेन्स या सर्व बाबतीत निर्विवाद सरस आहे. ज्यांना मोठ्या शहरातली मोठी कामे नियमित मिळतात आणि ज्यांच्यापाशी रोकड आहे, त्यांनी ती खुशाल घ्यावी. आमचा आक्षेप महाग लेन्सला नाही, ती कर्जाने घेण्याला आहे.

"नो कॉस्ट" हप्त्याची गोष्ट

आणि आता मूळ दुखण्याकडे वळू. दुकानदार म्हणतो, "हप्ता घ्या, व्याज शून्य." आपला तरुण मनाची समजूत घालतो की, व्याज शून्य म्हणजे गुनाहही शून्य. पण भारतीय रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. क्रेडिट कार्डाच्या अशा योजनांत व्याज पुष्कळदा प्रोसेसिंग फीच्या रूपाने लपवलेले असते. कोठे ते फीमध्ये असते, कोठे रोखीने मिळणारी सूट नाकारून वसूल होते. वर एखादा हप्ता चुकला की दंड आणि उघड व्याज सुरू. जी गोष्ट सरकारी बँकिंग यंत्रणेलाही व्याज वाटते, तिला आपण हलाल म्हणून कसे गिळावे?

हप्ता म्हणजे सरसकट व्याज असेही नाही. दुकानदाराने स्वतः एकच किंमत ठरवून ती ठरल्या मुदतीत तुकड्यातुकड्याने घेण्याचे कबूल केले, तर तो व्यवहार बहुसंख्य फुकहांच्या मते जायज आहे. कार्डावरचा हप्ता मात्र बँकेचे कर्ज असतो. शंका असेल तेथे आपल्या भागातील जाणत्या आलिमांना कागद दाखवून विचारावे.

मार्ग नाहीत असे नाही. बाजारपेठेतली भिशी हा आपला जुना आणि बिनव्याजी मार्ग आहे. फिफ्टी तर एका नंबरात येते. घरातल्या कोणी कर्जे-हसना दिले तर लेखी लिहून घ्यावे आणि वेळेवर फेडावे. मुंबई-पुण्यात भारी लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळते. वर्षातून चार मोठी लग्ने असतील तर चार दिवस भाडे देणे परवडते आणि ते गिऱ्हाइकाच्या दरात धरता येते. गावातले तीन स्टुडिओवाले शिरकत करून एकाने ३५, दुसऱ्याने ८५, तिसऱ्याने फ्लॅश घेऊ शकतात. आपसात स्पर्धा करून तिघांनी तीन कर्जे काढण्यापेक्षा यात बरकत आहे. अट एकच, तुटफुटीचा खर्च कोणाचा, हे आधी कागदावर असावे.

जुनी लेन्स घेताना

जुनी लेन्स घेण्यात कमीपणा नाही. मुंबईत फोर्ट भागातील बोरा बाजारात नवा-जुना माल पाहायला मिळतो. मात्र डोळे उघडे ठेवावेत. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, अशी लेन्स स्वस्तातही घेऊ नये. छिद्राच्या पात्यांवर तेल नसावे. आपली बॉडी सोबत नेऊन जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस तपासावा.

निकॉनवाल्यांनी विशेष सावध राहावे. एएफ-डी जातीच्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते. डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडीवर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही आणि नव्या झेड बॉडीला एफटीझेड ॲडॅप्टर लावूनही चालत नाही. तेथे एएफ-एस लेन्सच हवी. कॅननची ईएफ लेन्स ॲडॅप्टरने नव्या आर बॉडीवर ऑटोफोकससह चालते. नवी लेन्स घेताना पक्के बिल आणि भारतातील वॉरंटी कार्ड मागावे. बिलाविना चार पैसे वाचतात, पण बिघाड झाल्यावर कोणी विचारत नाही. ज्याच्यापाशी जीएसटी क्रमांक आहे, त्याला धंद्याच्या खरेदीवर भरलेल्या कराची नियमानुसार वजावटही मिळते.

कोकणातल्या बांधवांना आणखी एक सांगणे. पावसाळ्याचे चार महिने लेन्स कातडी बॅगेत ठेवू नये, तेथेच बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी. आत आर्द्रता दाखवणारे लहान घड्याळ ठेवले आणि काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान राहिला की निर्धास्त राहावे. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते.

भगिनींसाठी एक वाट

आपल्या घरांतील लग्नात स्त्रियांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको असतो. मग तेथे कोणीतरी मोबाईलवर काहीतरी काढते आणि नवरीची आठवण तेवढ्यावर भागते. घरातल्या मुलीने किंवा सुनेने हे काम शिकले तर तिच्यासाठी सन्मानाची रोजी उघडी आहे. ती खोली बहुधा लहान, उजेड पिवळा, आणि फ्लॅश कोणाला नको. म्हणजे क्रॉप बॉडीवर ३५ एफ १.८ किंवा फुल फ्रेमवर ५० एफ १.८. हलकी लेन्स, लहान कॅमेरा, पुरे. मात्र ते मेमरी कार्ड अमानत आहे. घरच्यांच्या परवानगीशिवाय एकही फोटो दुकानाच्या काचेत किंवा इंटरनेटवर जाता कामा नये. हा विश्वास एकदा मिळाला की जाहिरातीची गरज उरत नाही, आणि एकदा गेला की कोणतीही लेन्स तो परत आणत नाही.

शेवटी, गिऱ्हाईक आपल्या लेन्सचा आकडा विचारत नाही. आपला चेहरा खरा आणि प्रसन्न आला का, एवढेच ते पाहते. तेव्हा बांधवांनो, गाळा मोजा, कॅमेरा पाहा, गाठीचे पैसे मोजा आणि मगच लेन्स घ्या. फिफ्टीने कमवा, त्या कमाईतून पुढची घ्या. इन्शाअल्लाह, कपाटात भारी लेन्स आणि डोक्यावर भारी हप्ता, अशी पाळी आपल्या कोणावर येणार नाही.